अंतिम इच्छेनुसार गोल्फ

घरातलं दुखणं माणसाने डॉक्टरला सांगावं, देवाला सांगावं, अगदीच गळ्याशी आलं तर ऑफिसातल्या हेडक्लार्कला सांगावं. केबलवाल्याला सांगू नये. मी सांगितलं, आणि वाशीच्या आमच्या सेक्टरमधल्या चारशे घरांना माझे सासरे फार दिवसांचे सोबती नाहीत हे कळलं. ज्याला कळलं नव्हतं असा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे माझे सासरे.

माझं नाव धर्मराज. हे नाव ठेवताना आईवडिलांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण या नावाच्या माणसाला खोटं बोलण्याचं शिक्षण घरी मिळत नाही. ते लग्नानंतर मिळवावं लागतं. माझ्या बाबतीत ते माझ्या बायकोने, विजयमालाने पुरं केलं. तिच्या वडिलांना, म्हणजे सयाजीमामांना, पोटाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेरच्या बाकड्यावर बसवून "तीन महिने, फार तर चार" असं सांगितलं आणि विजयमालाने पदराने डोळे पुसून आत जाऊन मामांना सांगितलं, "अल्सर हाय दादा. दूधभात खायाचा, बरं वाटंल." आमच्याकडे ही रीतच आहे. आजार ज्याला झालाय त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचा. जावयाने अशा वेळी पिशव्या धरायच्या असतात, त्या मी धरल्या.

तेव्हापासून दोन महिने मामा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून अल्सर बरा व्हायची वाट बघत होते. बरा झाला की कोरेगावकडच्या गावी जायचं होतं. धाकट्या भावाने नवी विहीर खोदली होती, तिला पाणी लागलं होतं, आणि ते पाणी मामांनी अजून बघितलं नव्हतं. रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की ते विचारायचे, "पावनं, अजून किती दीस वो?" आणि मी म्हणायचो, "होईल हो मामा. घाई कशाला?"

मामा चेंबूरच्या एका गोल्फ क्लबात चौतीस वर्षं कॅडी होते. कॅडी म्हणजे साहेबाच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल त्याच्या मागे चालणारा, आणि कोणत्या फटक्याला कोणती काठी घ्यायची ते त्याच्या कानात सांगणारा माणूस. मामांच्या मते खेळायचे तेच, साहेबाकडे फक्त मारायचं काम असायचं. जगात गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धा होतात आणि त्या जिंकणाऱ्याला मरेपर्यंत कोणी विसरत नाही, हे त्यांनी साहेबांच्या गप्पांतून चौतीस वर्षं ऐकलं होतं. बघितली मात्र एकही नव्हती. तेवढ्यात त्यांचा एक जुना सोबती भेटायला आला आणि सांगून गेला की त्या चारांपैकी अमेरिकेतली एक आता टीव्हीवर दाखवणार आहेत, तिकडे रविवारी खेळलेली मॅच इकडे सोमवारी संध्याकाळी सातला.

"आवं पावनं," मामा मला म्हणाले, "ती मॅच आपल्या टीव्हीत बघाय मिळंल का?"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामा, मॅच दिसलीच म्हणून समजा." मोठेपणा घ्यायची ही हौसच मला नडते.

आमचा केबलवाला कुंदन. मागच्या गावातला. आमची अख्खी सोसायटी त्याच्या आजोबांच्या भातशेतावर उभी आहे, हे तो वायर टाकायला कोणी हरकत घेतली की आठवण करून देतो. त्याच्या घराच्या माडीवर सगळी यंत्रं होती. शुक्रवारी मी तिथे गेलो. तेव्हा केबल नवी होती आणि कुंदनकडे चॅनेल जास्त आणि ती पकडायचे डबे कमी होते.

"दादा, यो डबा येकच मोकला हाय," तो म्हणाला, "त्याचेवर रोज साताला आपला पिक्चर असतो. गोल्फ लावला तं पिक्चर बंद. चारशे बायका माजे घरावर येतील. तुमी येनार का मधी?"

मी विनवलं. सोसायटीचा जुना सभासद असल्याचं सांगितलं. गोल्फ हा सभ्य माणसांचा खेळ असल्याचं सांगितलं, ते त्याला मुळीच आवडलं नाही. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "कुंदन, सासरे आता आज-उद्याचे आहेत रे. शेवटची इच्छा आहे त्यांची."

आता हे खोटं होतं का? महिना-दीड महिना होता, तो मी आज-उद्यावर आणला, एवढंच. मूळ धर्मराजानेही एकदा एवढं चालवून घेतलं होतं. पण कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगा मनाने फार चांगला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "दादा, टेन्शन नको घेव. म्हाताऱ्याची इच्छा आपला कुंदन केबल पुरी करनार." मी जिना उतरलो तेव्हा मला आपण जगात काहीतरी करून दाखवल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी विजयमाला पिक्चर बघत होती. मामा गॅलरीत. नायक नायिकेच्या घरी हातात फळांची टोपली घेऊन शिरला आणि त्याच्या पायाखालून अक्षरं सरकू लागली. कुंदनच्या भावाने नुकताच अक्षरं सरकवणारा कॉम्प्युटर आणला होता.

"सोमवारी ७ वाजता पिक्चर होणार नाही. बि. नं. १४ मधील सयाजीराव जाधव यांच्या अंतिम इच्छेनुसार गोल्फ दाखवण्यात येईल. सहकार्य करावे. – कुंदन केबल."

विजयमालाने आधी टीव्ही बंद केला, मग गॅलरीचं दार लावलं, मग माझ्याकडे वळली. ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. हळू आवाजात बोलली एवढंच सांगतो, कारण मामांना ऐकू जायला नको होतं. माणूस हळू आवाजात इतकं टोचून बोलू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

मी धावत कुंदनकडे गेलो. मजकूर बदल म्हणालो. त्याने ताबडतोब बदलला. "सयाजीराव जाधव यांची प्रकृती ठणठणीत आहे. तरीही सोमवारी गोल्फ दाखवण्यात येईल." अर्ध्या तासात त्याला साठ फोन आले. ठणठणीत माणसासाठी आमचा पिक्चर का बंद, हा प्रश्न तसा रास्तच होता. फोनला कंटाळून त्याने पुन्हा जुना मजकूर लावला, तो रविवारी रात्रीपर्यंत राहिला. सोमवारी मॅच चालू असताना पट्टी लावायची नाही, एवढी शपथ मात्र मी त्याला त्याच्या गावदेवीवर हात ठेवून घ्यायला लावली.

रविवारी सकाळपासून लोक यायला लागले. सगळ्यांत आधी खालच्या मजल्यावरच्या गोजराकाकू. काकू कऱ्हाडकडच्या, आणि सेक्टरमधला कोणीही त्यांच्या देखरेखीशिवाय मेलेला नाही. तुळशीची पानं, गंगेच्या पाण्याची सीलबंद तांब्याची लोटी आणि चार सूचना घेऊन त्या आल्या. मामांना दाढी करून चहा पिताना बघून त्यांचा जरा हिरमोड झाला. "दिवा इझायच्या आदी मोटा व्हतो बरं," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

मग सोसायटीचे सेक्रेटरी टेप घेऊन आले आणि जिन्याचं वळण मोजू लागले. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेले तेव्हा तिरडी त्या वळणावर अडकली होती आणि त्यांना उभं करून न्यावं लागलं होतं. पुन्हा तसा प्रकार नको, असं कमिटीचं मत होतं. मामांनी वरून विचारलं, "काय मोजत्यात?" मी म्हणालो, "रंगकाम आहे, मामा."

पण मामांना एवढे लोक का येतात याचं काहीतरी कारण सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं, आणि आजही त्याची मला लाज वाटते. मी म्हणालो, "उद्याची मॅच बघायची आहे ना सगळ्यांना. गोल्फमधलं तुम्हाला कळतं असं समजलंय त्यांना."

मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! चौतीस वर्षांत त्यांच्या धंद्याबद्दल त्यांना कोणी दोन शब्द विचारले नव्हते. गावी लोक त्यांना "साहेबांचा हमाल" म्हणत. आता एकेक माणूस डोळे पुसत समोर येऊन बसत होता आणि मामा त्याला समजावत होते. गोजराकाकूंना त्यांनी वाळूच्या खड्ड्यातून चेंडू कसा काढतात ते लाटणं हातात घेऊन दाखवलं. काकू रडत रडत मान हलवत होत्या. "बाई मायाळू हाय," मामा नंतर म्हणाले, "चेंडू वाळूत गेला म्हनलं तर डोळ्याला पानी आलं तिच्या."

सोमवारी मी रजेचा अर्ज घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. ते म्हणाले, "आई, वडील, पत्नी, मुलं. सासरे नियमात बसत नाहीत, मोहिते. किरकोळ रजा देतो, पण तीही घडल्यावर. आधी देता येत नाही." मी घडायचं नाहीये म्हणालो, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. शेवटी डोकं दुखतंय म्हणून दुपारी निघालो. ते मात्र अगदी खरं होतं.

घरी पोचलो तर खाली टेम्पो. मामांचा पुतण्या उदयसिंह तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. त्याच्याही खोलीवर कुंदनचीच केबल. पट्टी वाचून तो सोमवारच्या कांद्याच्या गाड्या तशाच सोडून बारा माणसं घेऊन आला होता, आणि गावाकडेही निरोप धाडून मोकळा झाला होता. टेम्पोत बांबू होते.

"हे काय रे उदयसिंह?"

"वाटंत मिळालं. म्हनलं, पुन्यांदा कोन हिंडंल?" तो खाली मान घालून म्हणाला.

वर गॅलरीतून मामांनी हाक मारली, "उदा! बांबू कशाला आनल्यात रं?" उदयसिंहाने माझ्याकडे बघितलं. मी वर बघून ओरडलो, "सोसायटीच्या पूजेला, मामा! मांडवाला!" आता मला खोटं सुचायला वेळही लागत नव्हता.

सात वाजता आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत चाळीस माणसं बसली होती. पुढे खुर्चीवर मामा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. शेजारी पाहुणा म्हणून खुद्द कुंदन, माडीवरची यंत्रं भावावर सोपवून आलेला. बाकी सगळे मौतीला बसल्यासारखे. पडद्यावर हिरवं गवत आणि त्यातून हळूहळू चालणारी माणसं. दहा मिनिटांनी एक माथाडी म्हणाला, "कवा चालू हुनार?" "चालू हाय," मामा म्हणाले.

आणि मग मामा बोलू लागले. काठ्यांना नंबर असतात आणि नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. फटका मारण्याआधी ते म्हणायचे, "आता पाच नंबर घेनार," आणि तिकडचा कॅडी पाच नंबरचीच काठी काढून द्यायचा. एकदा झालं, दोनदा झालं, सहाव्यांदा झालं तेव्हा लोक पडद्याऐवजी मामांकडे बघायला लागले. दोघेच खेळाडू पुढे होते. एक लाल टोपीवाला तरणाबांड, आणि दुसरा पन्नाशीला टेकलेला, दर चार पावलांवर कंबर धरणारा. मामांचा जीव त्या म्हाताऱ्यावर. हळूहळू सगळ्या खोलीचा जीव त्या म्हाताऱ्यावर जडला. कधी हा एक फटका पुढे, कधी तो. अठरांपैकी सोळाव्या होलला, म्हणजे चेंडू घालायच्या सोळाव्या भोकाला, म्हातारा मागे पडला तर गोजराकाकूंनी गंगेच्या लोटीला हात लावून डोळे मिटले. ती लोटी दुसऱ्या कामासाठी आणलेली आहे हे त्या विसरल्या होत्या. मीही विसरलो होतो.

अठरावा होल, म्हणजे शेवटचा. लाल टोपीवाल्याचं खेळून झालं होतं. म्हाताऱ्याने चेंडू घातला तर बरोबरी, हुकला तर संपलं. चेंडू होलपासून दहा-बारा फुटांवर. म्हातारा वाकला, उठला, पुन्हा वाकला. मामा खुर्चीतून पुढे झुकले आणि नाक काचेला लागेल इतके जवळ गेले, कारण होल पडद्याच्या अगदी खालच्या कडेला होता.

तिकडे माडीवर कुंदनच्या भावाला दोन तासांत दोनशे फोन आले होते. त्याने कोणत्याही देवीवर हात ठेवलेला नव्हता.

"पिक्चर बंद असल्याबद्दल क्षमस्व. बि. नं. १४ मधील सयाजीराव जाधव हे शेवटच्या घटका मोजत असून त्यांच्या अंतिम इच्छेनुसार गोल्फ दाखवण्यात येत आहे. फोन करू नये."

होल दिसेना, चेंडू दिसेना. कुंदन धडपडत उठला, दोन माणसांना तुडवून दाराकडे पळाला. मामा चौथी शिकलेले. ते बोट लावून एकेक शब्द वाचत होते. पट्टी संपून पुन्हा सुरू झाली आणि त्यांनी ती पुन्हा वाचली. मागे टीव्हीतली गर्दी ओरडायला लागली. चेंडू आत गेला होता, बरोबरी झाली होती, आणि आमच्या खोलीत चाळीस माणसं फरशीकडे बघत होती.

"इजा," मामा विजयमालाकडे वळून म्हणाले, "डाक्टरनं किती सांगितल्यात?"

विजयमालाने तोंडात पदर कोंबला. टीव्हीवाला इंग्रजीत सांगत होता की बरोबरी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा अठरा होल खेळायचे. मागून एक माथाडी दबक्या आवाजात उदयसिंहाला म्हणाला, "म्हंजे आज न्हाई? उद्या पुन्यांदा यायाचं?" तो कशाबद्दल बोलत होता ते मी विचारलं नाही.

"मी इचारतोय," मामा म्हणाले.

"तीन महिने," मी म्हणालो. "त्यातले दोन झाले."

ते मोठ्याने बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पावनं," ते म्हणाले, "केबलवाल्याला सांगितलंसा. त्या बाईला ठावं, उदाला ठावं, जिना मोजनाऱ्याला ठावं. मला तेवडं न्हाई सांगितलंसा. दोन म्हयनं अल्सर बरा व्हायची वाट बघत गॅलरीत बसलो की वो मी. दोन म्हयनं." आणि मग, "त्या बाईला मी लाटनं घिऊन चेंडू काडून दावत हुतो."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. चाळीस माणसांत माझी अब्रू गेली याचं काहीच वाटलं नाही, आणि अब्रूला मी किती जपतो हे आमच्या सेक्टरमध्ये कोणालाही विचारा. त्यांचे दोन महिने मी आणि विजयमालाने मिळून खाल्ले होते, आणि ते परत देता येणार नव्हते.

मामा उठले. "उदा, टेंपो हाय न्हवं? चल. इहिरीचं पानी बघायचंय मला." कोणी अडवलं नाही. जिन्याच्या त्या वळणावरून ते कठडा धरून स्वतःच्या पायांनी उतरले. विजयमाला चार लुगडी पिशवीत कोंबून बरोबर गेली. टेम्पोत पुढे बसवत होते तर म्हणाले, मागं वारं लागतंय, मागंच बसतो. बांबू सरकवून त्यांना जागा केली.

मंगळवारी मी घरात एकटा. सातला कुंदनने गोल्फ लावला, पट्टीबिट्टी काही नाही. मी रजेच्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक फटका लिहून घेत होतो. का ते मला नीट सांगता येणार नाही. निकाल छापून येईल असं एकही वर्तमानपत्र मामांच्या गावात जात नव्हतं, एवढं खरं. आठव्या होलला गोजराकाकू येऊन कोपऱ्यात बसल्या आणि संपल्यावर उठून गेल्या.

शनिवारी एसटीने गावी गेलो. पाच दिवसांत मामा निम्मे झाले होते. परसात बाजेवर पडले होते, विहिरीचं पाणी दोनदा बघून झालं होतं. मला बघून तोंड फिरवतील असं वाटलं होतं, पण त्यांची नजर माझ्या खिशातल्या कागदावर गेली.

"वाचा," म्हणाले.

मी वाचू लागलो. "पहिला होल. म्हाताऱ्याने लांब मारला."

"वारं कुटनं हुतं?"

"डावीकडून" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. अगदी सहज आला होता. मी तो गिळला. "मी वारं बघितलंच नाही, मामा."

"मग तसं म्हना की. फुडं."

सतरा होल झाले. पुन्हा बरोबरी. मामांनी डोळे मिटले होते, पण बोटं चादरीवर हलत होती. त्यांच्या डोक्यामागे स्वयंपाकघराच्या दारात विजयमाला उभी होती. ती मला हात जोडून खुणा करत होती. सांगा, जिंकला म्हणून सांगा. कोणाला कळणार आहे? खरंच कोणाला कळणार नव्हतं. मी कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"म्हाताऱ्याचा चेंडू पाण्यात गेला, मामा," मी म्हणालो. "हरला. एका फटक्याने."

विजयमाला आत निघून गेली. मामांची बोटं चादरीवर थांबली. मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "शेवटाला कॅडीनं काठी कुटली दिली?"

"आठ नंबर. टीव्हीवाला तसं म्हणाला."

"आट?" मामा कोपरावर उठून बसायला बघू लागले. मी धरलं. "फुडं पानी, पिकल्यालं मानूस, आदल्या दिशी अठरा चालल्यालं, हात गळून गेल्यालं, अन् आट दिली? सात द्याय पायजे हुती! त्यो आट मागत आसंल तर त्याच्या हातातनं काडून घ्याय पायजे हुती! कॅडी हाय का कोन त्यो? आरं, त्याला सांगाय नगो का, की बाबा तुज्यात आता तेवडी ताकद न्हाई म्हून?" त्यांना धाप लागली, पण थांबले नाहीत. विजयमाला पाणी घेऊन आली, ते बाजूला ठेवायला लावलं आणि मला अठरावा होल पुन्हा वाचायला सांगितला.

मामा त्यानंतर अकरा दिवस होते. विजयमाला सांगते, त्यातले बहुतेक त्यांनी त्या अमेरिकन कॅडीला शिव्या देण्यात घालवले.